पाण्यातला सजीव : चेक वोद्नीक आणि चेक व्याकरण

मध्य युरोपातील चेक भूमीला समुद्रकिनारा नाही, आणि तरीही तिच्या लोककथा पाण्याने भरलेल्या आहेत. हे पाणी लाटांचे आणि गलबतांचे नाही. गावाच्या कडेच्या तळ्याचे, पाणचक्कीच्या बंधाऱ्यामागे साठून संथ झालेले, वाळुंजाच्या फांद्यांखाली दिवसाही काळे दिसणारे असे ते पाणी आहे. बोहेमिया आणि मोराविया या दोन जुन्या प्रांतांत वीस हजारांहून अधिक तळी आहेत आणि त्यांपैकी बहुतेक माणसांनी बांधलेली आहेत. दक्षिण बोहेमियातील त्र्झेबोन्य या गावाभोवती सोळाव्या शतकात तळी आणि कालवे यांचे मोठे जाळे उभे राहिले. याकुब क्रचीन या कारभाऱ्याने १५८४ ते १५९० या काळात बांधून घेतलेले रोझ्म्बेर्क हे तळे सुमारे ४९० हेक्टर पसरलेले असून आजही ते देशातले सर्वांत मोठे मत्स्यतळे आहे. अशा तळ्याला चेक भाषेत ‘रिब्नीक’ म्हणतात. ‘रिबा’ म्हणजे मासा, आणि त्याला ‘नीक’ हा प्रत्यय लागून मासे पाळण्याची जागा असा अर्थ होतो. शरद ऋतूत या तळ्यांचे पाणी हळूहळू सोडून देतात, उरलेल्या डबक्यात गोळा झालेले कार्प मासे जाळ्यांनी काढतात आणि नाताळच्या आदल्या रात्री तेच मासे घरोघरी ताटात वाढले जातात. ज्या समाजाचे पाणी असे हाताने बांधलेले, मोजलेले आणि उपसलेले असते, त्या समाजाच्या कल्पनेतील जलपुरुषही अथांगाचा स्वामी न राहता शेजारच्या तळ्याचा रहिवासी होतो. त्याचे नाव वोद्नीक. ‘वोदा’ म्हणजे पाणी. संस्कृत ‘उदक’ आणि हा शब्द एकाच प्राचीन मुळातून निघालेले आहेत.

‘रिब्नीक’ आणि ‘वोद्नीक’ या दोन शब्दांची घडण एकसारखी आहे. एका शब्दाचा अर्थ तळे आहे, दुसऱ्याचा त्या तळ्यात राहणारा. शब्दाच्या नुसत्या रूपावरून यातला निर्जीव कोणता आणि सजीव कोणता हे सांगता येत नाही. ते वाक्यात विभक्ती लागल्यावर कळते, आणि चेक व्याकरणातली ही व्यवस्था या प्रकरणाचा गाभा आहे. तिच्याकडे वळण्यापूर्वी मात्र वोद्नीकाची नीट ओळख करून घेतली पाहिजे.

लोककथांतला वोद्नीक दिसायला माणसासारखाच असतो. अंगात लांब हिरवा कोट, डोक्यावर हिरवे केस, बोटांमध्ये बदकाच्या पायासारखे पातळ पडदे, आणि कोटाच्या मागे लोंबणाऱ्या टोकातून सतत ठिबकणारे पाणी. जत्रेत किंवा बाजारात तो गिऱ्हाइकांच्या गर्दीत मिसळून फिरतो, आणि कोरड्या दिवशीही ज्याच्या कोटाचे टोक ओले दिसते तो वोद्नीक, ही त्याला ओळखण्याची खूण आजी नातवंडांना सांगत आली आहे. कोटातून पाणी गळत असेपर्यंतच त्याची ताकद टिकते आणि अंग वाळले की तो कुणालाही आटोपण्यासारखा दुबळा होतो. चांदण्या रात्री तो बंधाऱ्याजवळच्या वाळुंजावर बसून पाइप ओढतो किंवा स्वतःचे कपडे आणि बूट शिवतो. मुलींना भुलवण्यासाठी तो पाणवनस्पतींवर रंगीत फिती आणि लहान आरसे टांगून ठेवतो, आणि ते घ्यायला हात पुढे झाला की तो हात धरून खाली ओढतो. काही कथांत तो देखण्या घोड्याचे रूप घेऊन काठावर चरत उभा राहतो आणि पाठीवर बसणाऱ्याला घेऊन सरळ पाण्यात शिरतो.

या सगळ्या तपशिलांपेक्षा विलक्षण गोष्ट वोद्नीकाच्या घरात आहे. तळ्याच्या तळाशी त्याची नीटनेटकी खोली असते आणि तिथल्या फळीवर झाकण घातलेले लहान लहान पेले ओळीने मांडलेले असतात. प्रत्येक पेल्यात बुडालेल्या एकेका माणसाचा आत्मा कोंडलेला असतो. कुणी झाकण उचलले, तर तो आत्मा बुडबुडा होऊन वर जातो आणि मोकळा होतो. अनेक कथांत वोद्नीकाच्या घरी कामाला राहिलेली मोलकरीण, मालक बाहेर गेला असताना, कुतूहलाने एक झाकण उचलते आणि मग एकामागून एक सगळीच उघडते. आत्म्याला चेकमध्ये ‘दुशे’ म्हणतात, पण पेल्यातल्या आत्म्यासाठी कथेत ‘दुशिच्का’ हा लघुत्वदर्शक, म्हणजे लहानपण आणि माया दाखवणारा शब्द येतो. २ नोव्हेंबरला चेक कुटुंबे दफनभूमीत जाऊन आप्तांच्या थडग्यांवर दिवे लावतात, त्या मृतांच्या स्मरणदिनाचे लोकांच्या तोंडचे नावही ‘दुशिच्की’, म्हणजे छोटे आत्मे, असेच आहे. पेल्यालाही असेच लडिवाळ नाव आहे : साधा ‘ह्र्नेक’, त्याहून लहान ‘ह्र्नेचेक’, आणि आणखी नाजूक ‘ह्र्नीचेक’. मृत्यूसारखी भयंकर गोष्ट इतक्या मृदू शब्दांत सांगण्याची ही रीत चेक लोककथेची खास ओळख आहे आणि ती भाषेच्या प्रत्ययांतून आली आहे. एखाद्या कथाकाराच्या मनात आले म्हणून ती तशी झालेली नाही.

वोद्नीक म्हणजे मुलांनी पाण्याजवळ जाऊ नये म्हणून मोठ्यांनी दाखवलेली भीती, असे स्पष्टीकरण पुष्कळदा दिले जाते. ते खोटे नाही, कारण पाणचक्कीचा बंधारा हा खरोखरच जीवघेणा असतो : वरून शांत दिसणाऱ्या पाण्याखाली ओढ असते आणि पोहणे जाणणारी माणसे जुन्या खेड्यात थोडी होती. पण एवढ्याने पेल्यांची कल्पना उलगडत नाही. नुसती भीती घालायची असती तर बुडालेला माणूस मेला एवढे पुरले असते. पेल्यांच्या कथेत मात्र तो पूर्ण मेलेला नाही. तो अडकलेला आहे आणि सुटू शकतो. ज्या घरात प्रेतही हाती लागले नाही त्या घराला अशी कथा धीर देत असणार, हे तर्काने समजण्यासारखे आहे. महाराष्ट्रातही डोह आणि विहिरींच्या काठी सात आसरांची ठाणी असतात, त्यांना खणनारळ वाहिले जातात आणि बुडण्याचा संबंध त्यांच्याशी जोडला जातो. परंतु आसरा या देवता आहेत, त्यांची पूजा होते, आणि वोद्नीकाला कुणी देव मानत नाही. तो पाण्यातला शेजारी आहे, कधी कपटी, कधी एकाकी.

रशियन लोककथेतला ‘वोद्यनोय’ हा वोद्नीकाचा नातलग अधिक रानटी आहे. वोद्नीकाचे दुसरे प्रचलित नाव ‘हास्त्रमान’ हे मात्र स्लाव्ह नाही. जर्मन ‘वासरमान’, म्हणजे जलपुरुष, या शब्दाचे ते चेक तोंडी रुळलेले रूप आहे. बोहेमियात शतकानुशतके चेक आणि जर्मन बोलणारी माणसे जवळजवळ राहिली, आणि एकाच तळ्यातल्या एकाच जिवाला दोन भाषांतून नावे मिळाली.

या दोन भाषांचे नाते मात्र समान पातळीवरचे नव्हते. १६२० मध्ये प्रागजवळच्या श्वेतपर्वताच्या लढाईत बोहेमियाच्या सरदारांचा पराभव झाल्यानंतर राज्यकारभार, उच्च शिक्षण आणि शहरी व्यवहार यांतून चेक मागे हटत गेली आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस ती मुख्यतः खेड्यांतली भाषा उरली. तिला पुन्हा ग्रंथभाषा करण्याची चळवळ चेक राष्ट्रीय पुनरुज्जीवन या नावाने ओळखली जाते. योसेफ दोब्रोव्स्की या विद्वानाने १८०९ मध्ये चेकचे सविस्तर व्याकरण प्रसिद्ध केले, तेही जर्मन भाषेत लिहून; योसेफ युंगमानने १८३४ ते १८३९ या काळात पाच खंडांचा चेक-जर्मन कोश पूर्ण केला. याच चळवळीच्या पुढच्या पिढीत कारेल यारोमिर एर्बेन (१८११–१८७०) हा प्राग शहराचा दप्तरपाल झाला, ज्याने एका हाताने जुने दस्तऐवज तपासले आणि दुसऱ्या हाताने लोकगीते आणि लोककथा गोळा केल्या. वोद्नीक आणि चेक व्याकरण हे दोन्ही एकाच शतकात, जवळपास एकाच वर्तुळातल्या माणसांनी कागदावर उतरवले, ही गोष्ट सहसा एकत्र सांगितली जात नाही. खेड्यातल्या बाईची कथा टिपून घेताना तिच्या तोंडची विभक्तीही टिपली जात होती, आणि भाषा जिवंत आहे याचा पुरावा म्हणून या दोन्हींकडे सारख्याच गंभीरपणे पाहिले जात होते.

एर्बेनचा ‘कितित्से’ (पुष्पगुच्छ) हा कथागीतांचा संग्रह १८५३ मध्ये निघाला आणि त्यातील ‘वोद्नीक’ हे कथागीत चेक शाळांतून आजही शिकवले जाते. आईने वाईट स्वप्न पाहून अडवले असतानाही मुलगी धुणे घेऊन तळ्यावर जाते, तिच्या पायाखालची फळी मोडते आणि ती वोद्नीकाची बायको होते. पाण्याखाली तिला मूल होते. आईला एकदा भेटू द्यावे म्हणून ती गयावया करते, तेव्हा तो एका दिवसापुरते सोडतो आणि मूल ओलीस ठेवून घेतो. आई तिला परत जाऊ देत नाही. संध्याकाळ झाल्यावर वोद्नीक दाराशी येऊन पुन्हा पुन्हा बोलावतो, शेवटी वादळ उठते, उंबऱ्यावर काहीतरी आदळते, आणि दार उघडल्यावर मुलाचे मस्तक आणि धड वेगवेगळे पडलेले दिसतात. या कथेत एकटा वोद्नीकच क्रूर नाही. आईची मायाही तितकीच घातक ठरते, आणि म्हणूनच हे कथागीत लहान मुलांच्या भयकथेच्या फार पुढे जाते.

आता व्याकरणाकडे. चेकमध्ये सात विभक्ती आहेत आणि नामाला पुल्लिंग, स्त्रीलिंग व नपुंसकलिंग अशी तीन लिंगे आहेत, एवढे मराठी वाचकाला परके वाटणार नाही. वेगळेपण पुल्लिंगात आहे. प्रत्येक पुल्लिंगी नाम सजीव किंवा निर्जीव अशा दोन गटांपैकी एकात बसते आणि त्यानुसार त्याची रूपे बदलतात. ‘मी तळे पाहतो’ हे सांगताना कर्मस्थानी ‘रिब्नीक’ असे मूळ रूपच राहते. ‘मी वोद्नीकाला पाहतो’ हे सांगताना मात्र ‘वोद्नीका’ असे रूप घ्यावे लागते, जे षष्ठीच्या, म्हणजे ‘वोद्नीकाचा’ या अर्थाच्या रूपाशी जुळते. अनेकवचनात फरक आणखी स्पष्ट होतो : तळी ‘रिब्नीकी’ होतात, जलपुरुष ‘वोद्नीत्सी’ होतात, कारण सजीवांच्या अनेकवचनी ‘इ’पुढे ‘क’ मृदू होऊन त्याचा ‘त्स’ होतो. घडणीने जुळे असलेले दोन शब्द अशा रीतीने जगण्याच्या निकषावर वेगळे पडतात, आणि वोद्नीक सजीवांच्या बाजूला उभा राहतो.

हा भेद भाषेने हौसेखातर निर्माण केलेला नाही. फार प्राचीन स्लाव्ह भाषेत शब्दांच्या अखेरचे वर्ण झिजत गेले आणि पुष्कळ पुल्लिंगी शब्दांची प्रथमा व द्वितीया ही रूपे एकसारखी झाली. वाक्यातील शब्दक्रम मोकळा असल्यामुळे दोन माणसांमध्ये कोणी कोणाला मारले हे कळेनासे होण्याचा धोका होता. दगड आणि माणूस यांच्यात तो नव्हता, कारण दगड सहसा कर्ता होत नाही. म्हणून माणसांसाठी, आणि हळूहळू सगळ्या जिवांसाठी, द्वितीयेच्या जागी षष्ठीचे रूप वापरण्याची रीत पडली. मराठीनेही याच अडचणीवर स्वतःचा उपाय काढलेला आहे : ‘दगड पाहिला’ पण ‘रामाला पाहिले’, असा भेद करताना ‘ला’ हा प्रत्यय तेच काम करतो. जुन्या रूपाचा एक अवशेष चेकमध्ये शिल्लक आहे. घोड्यावर स्वार होण्याच्या ‘ना कून्य’ या ठरलेल्या शब्दप्रयोगात घोडा हा सजीव असूनही जुन्या, मूळ रूपातच राहतो, कारण हा प्रयोग नवी रीत पक्की होण्याआधीच गोठून गेला.

या व्यवस्थेमुळे शब्द कुठेही ठेवता येतात. ‘म्लिनार्झ’ म्हणजे पाणचक्कीवाला. ‘वोद्नीक उतोपिल म्लिनार्झे’ आणि ‘म्लिनार्झे उतोपिल वोद्नीक’ या दोन्ही वाक्यांत बुडणारा पाणचक्कीवालाच आहे; दुसऱ्या वाक्यात फक्त बुडवणारा कोण ही नवी माहिती शेवटी येते आणि तिच्यावर भर पडतो. कथा सांगणाऱ्याला हे मोठेच साधन आहे, कारण भयाचा शब्द वाक्याच्या टोकापर्यंत राखून ठेवता येतो. मराठी कथनकारालाही ‘पाणचक्कीवाल्याला बुडवले ते वोद्नीकाने’ असे म्हणून हेच साधता येते.

मृतांच्या बाबतीत व्याकरणाचा निर्णय आश्चर्यकारक आहे. ‘मृत्व्ही’ म्हणजे मृत, ‘नेबोश्तीक’ म्हणजे कैलासवासी, ‘उतोपेनेत्स’ म्हणजे बुडून मेलेला. हे सर्व पुल्लिंगी शब्द सजीव गटातच चालतात. माणूस मेला तरी नामाने त्याला जिवंतांच्या रांगेतून काढलेले नाही. प्रेतासाठीचा ‘मृत्वोला’ हा शब्द मात्र स्त्रीलिंगी असून, स्त्रीलिंगात सजीव-निर्जीव हा भेदच नाही. त्यामुळे ‘रुसाल्का’ ही जलसुंदरी आणि ‘पोक्लिच्का’ हे पेल्यावरचे झाकण यांची एकवचनातली द्वितीया अगदी सारखी होते : ‘रुसाल्कु’, ‘पोक्लिच्कु’. नपुंसकलिंगातही भेद नाही. ‘स्त्राशिद्लो’, म्हणजे कुठलेही भूत, मराठीतल्या ‘ते भूत’सारखेच नपुंसकलिंगी आहे. वोद्नीकाला त्याचे सजीवपण व्याकरणातून मिळते आणि रुसाल्का त्या बाबतीत झाकणाच्या पंक्तीला बसते. हा अन्याय कुणी ठरवून केलेला नाही, पण तो शाळेतल्या मुलांना छळतो. भूतकाळी क्रियापदाच्या अनेकवचनात पुल्लिंगी सजीवांना ‘मऊ इ’ आणि स्त्रीलिंगी किंवा निर्जीव पुल्लिंगी कर्त्यांना ‘कठीण इ’ लिहावी लागते. चेकमध्ये ही दोन अक्षरे वेगळी आहेत, पण त्यांचा उच्चार आज एकच आहे. ‘वोद्नीक बसले होते’ आणि ‘रुसाल्का बसल्या होत्या’ ही वाक्यांतली क्रियापदे कानाला एकसारखी ऐकू येतात आणि कागदावर वेगळी असतात. कर्त्यांत कितीही रुसाल्का असल्या आणि एकच वोद्नीक त्यांच्यासोबत बसला, तरी मऊ इ लिहावी लागते. श्रुतलेखनात मुलांचे गुण बरेचदा अशाच जागी जातात.

संख्येचा नियमही असाच कठोर आहे. दोन, तीन किंवा चार वोद्नीक असतील तर नाम प्रथमेत राहते आणि क्रियापद अनेकवचनी होते. पाच झाले की सगळे बदलते : ‘प्येत वोद्नीकू सेद्येलो’, म्हणजे शब्दशः ‘वोद्नीकांचे पाच बसले’, असे वाक्य होते, नाम षष्ठी अनेकवचनात जाते आणि क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनी होते. याचे कारण असे की प्राचीन भाषेत एक ते चार हे आकडे विशेषणांसारखे चालत आणि पाचपासून पुढचे आकडे नामांसारखे. पाच म्हणजे ‘पाचांचा एक गट’, आणि गट एकच असतो. वोद्नीकाच्या फळीवरचे चार पेले ‘उभे असतात’ आणि पाचवा मांडला की ते सारे मिळून ‘उभे असते’.

त्याच्या चेहऱ्याचे वर्णन करताना आणखी जुना थर उघडा पडतो. ‘हिरव्या केसांचा’ म्हणताना ‘से झेलेनीमि व्लासी’ असे नेहमीचे अनेकवचन येते, पण ‘हिरव्या डोळ्यांचा’ म्हणताना ‘से झेलेनीमा ओचिमा’ असे म्हणावे लागते. हे ‘मा’ म्हणजे लोप पावलेल्या द्विवचनाचा अवशेष. डोळे, कान, हात, पाय अशा जोडीने असणाऱ्या अवयवांच्या तृतीयेत तो उरला आहे आणि सोबतच्या विशेषणालाही तो आपल्यासारखा करून घेतो. संस्कृतचे द्विवचन ज्यांनी शाळेत पाठ केले आहे त्यांना हे नाते लगेच ओळखू येईल. बोलीभाषेत मात्र उलटाच प्रकार झाला आहे : प्राग आणि बोहेमियात रोज बोलल्या जाणाऱ्या सर्वसाधारण चेकमध्ये हे ‘मा’ सगळ्याच अनेकवचनी नामांना लागते, आणि तिथे हिरवे केसही ‘झेलेनेय्मा व्लासामा’ होतात. दोब्रोव्स्कीने व्याकरण रचताना आपल्या काळची बोली नमुना म्हणून घेतली नाही, तर सोळाव्या शतकातली प्रतिष्ठित ग्रंथभाषा घेतली. तेव्हापासून लिहायची चेक आणि बोलायची चेक यांत अंतर आहे, आणि वोद्नीकाची कथा आजीच्या तोंडून एका व्याकरणात आणि पुस्तकातून दुसऱ्या व्याकरणात ऐकू येते.

क्रियापदांचे म्हणाल तर, बुडण्याच्या भाषेत चेकचा सर्वांत मोठा पेच दिसतो. जवळजवळ प्रत्येक क्रियापदाची दोन रूपे असतात : एक चालू असलेली किंवा वारंवार होणारी क्रिया दाखवते, त्याला अपूर्ण रूप म्हणू, दुसरे क्रिया तडीस गेल्याचे दाखवते, त्याला पूर्ण रूप म्हणू. ‘तोपिल से’ म्हणजे तो बुडत होता, आणि त्याला कोणी वाचवलेही असेल. ‘उतोपिल से’ म्हणजे तो बुडून गेला. आरंभीच्या एका ‘उ’ने जगण्याची शक्यता संपते. पूर्ण रूपाला वर्तमानकाळ नसतो, कारण जे पुरे झाले ते या क्षणी चालू असू शकत नाही, आणि म्हणून त्याचे वर्तमानासारखे दिसणारे रूप भविष्याचा अर्थ देते. वोद्नीकाने ‘उतोपीम त्ये’ म्हटले की ती धमकी असते : मी तुला बुडवीन. १९७४ साली वाच्लाव्ह वोर्लीचेक याने दिग्दर्शित केलेल्या विनोदी चित्रपटात आधुनिक प्रागमध्ये उरलेसुरले वोद्नीक आपले घर वाचवण्यासाठी धडपडतात; ‘डॉ. म्राचेक यांना कसे बुडवावे’ अशा अर्थाच्या त्याच्या शीर्षकात हेच पूर्ण रूप, ‘उतोपित’, वापरलेले आहे. अपूर्ण रूप असते तर बुडवण्याचा प्रयत्न एवढाच अर्थ झाला असता. साध्या ‘तोपित’चा दुसरा अर्थ ‘शेगडी पेटवून घर उबदार ठेवणे’ असाही आहे, म्हणजे एकाच शब्दात हिवाळ्यातले सुख आणि पाण्यातला मृत्यू शेजारी राहतात.

अमेरिकेहून १८९५ मध्ये परतल्यावर संगीतकार आंतोनिन द्वोर्झाकने पुढच्याच वर्षी एर्बेनच्या कथागीतांवर वाद्यवृंदासाठी चार रचना केल्या, आणि त्यांपैकी पहिली ‘वोद्नीक’ होती. या मालिकेत, विशेषतः ‘सोन्याचा चरखा’ या रचनेत, त्याने एर्बेनच्या ओळींच्या उच्चारावर स्वर बेतले, आणि चेक उच्चाराचा नियम इथे कामाला आला. चेकमध्ये आघात नेहमी पहिल्या अक्षरावर पडतो आणि आधी एकाक्षरी शब्दयोगी अव्यय आले तर आघात त्याच्यावर सरकतो. ‘पाण्यात’ या अर्थाचे ‘दो वोदी’ एका शब्दासारखे, ‘दो’वर जोर देऊन म्हटले जाते. स्वराची लांबी मात्र आघातापासून स्वतंत्र असते, त्यामुळे आखूड अक्षरावर जोर आणि पुढच्या लांब अक्षरावर सैल विसावा असा झोका भाषेतच तयार होतो.

‘रुसाल्का’ या त्याच्या ऑपेराचा पहिला प्रयोग ३१ मार्च १९०१ रोजी प्रागच्या राष्ट्रीय नाट्यगृहात झाला. यारोस्लाव क्वापिलच्या या संहितेत वोद्नीक पार बदललेला आहे : राजपुत्रावर प्रेम करून मानवी रूप मागणाऱ्या रुसाल्काचा तो दुःखी बाप आहे आणि तिला सावध करण्यापलीकडे त्याच्या हातात काही उरलेले नाही. रुसाल्का चंद्राला हाक मारून गाते ते गीत जगभर गायले जाते, आणि त्यात चेकची संबोधन विभक्ती ऐकू येते. चंद्र निर्जीव गटात असूनही ‘मेसीचेक’ या लडिवाळ नामाचे ‘मेसीच्कु’ असे संबोधन होते, जसे वोद्नीकाला हाक मारताना ‘वोद्नीकु’ म्हणतात. रशियन आणि स्लोव्हाक भाषांनी ही विभक्ती जवळपास सोडून दिली; चेक, पोलिश आणि युक्रेनी यांनी राखली, आणि मराठीतही ‘देवा’, ‘मुलांनो’ अशा रूपांनी ती टिकून आहे.

विसाव्या शतकात वोद्नीक अधिकाधिक घरगुती झाला. आलोइस यिरासेकच्या ‘लुत्सेर्ना’ (१९०५) या नाटकात इवान आणि मिखाल या नावांचे दोन वोद्नीक वावरतात. चित्रकार योसेफ लादाने वाळुंजावर बसून चांदण्यात पाइप ओढणारा वोद्नीक इतका प्रिय करून ठेवला की आज बहुतेक चेक मुलांच्या डोळ्यांपुढे तेच चित्र येते. प्रागमधल्या कांपा बेटाजवळ, चेर्तोव्का या व्ल्तवा नदीच्या फाट्यावर जुन्या पाणचक्कीशेजारी काबोउरेक नावाच्या वोद्नीकाचा पुतळा बसलेला आहे. भीती ओसरली आणि माया उरली, असा हा प्रवास आहे, पण त्यासोबत एर्बेनच्या कथागीतातले दुःखही पुसट झाले, आणि ते पुसट होणे हे या परंपरेचे नुकसान आहे.

व्याकरणाचा सजीवपणा मात्र अशा ठिकाणी पसरला जिथे जीव मुळीच नाही. चेक खानावळीत व्हिनेगर आणि कांद्यात मुरवलेला जाड सॉसेज मिळतो आणि त्याचे नाव ‘उतोपेनेत्स’, म्हणजे बुडालेला, असेच आहे. तो मागवताना गिऱ्हाईक ‘उतोपेन्त्से’ असे सजीवाचे द्वितीयेचे रूप वापरते, जणू बशीत माणूस वाढून येणार आहे. कथेतला ड्रॅगन ‘द्राक’ हा अर्थातच सजीव. मुले उडवतात त्या कागदी पतंगालाही ‘द्राक’ म्हणतात, आणि पतंग अनेकवचनात कधी सजीवाचे, कधी निर्जीवाचे रूप घेतो. कारेल चापेकने १९२० साली आपल्या नाटकासाठी, भाऊ योसेफ याने सुचवलेला ‘रोबोट’ हा शब्द वापरला तेव्हाही हाच प्रश्न उभा राहिला आणि त्याने नाटकातल्या यंत्रमानवांना ‘रोबोति’ हे सजीवांचे अनेकवचन दिले. आज स्वयंपाकघरातल्या पीठ मळणाऱ्या यंत्रांना चेक माणूस ‘रोबोटी’ असे निर्जीव अनेकवचन लावतो, चालत्याबोलत्या यंत्रमानवांना ‘रोबोति’ म्हणतो, आणि मधल्या कुठल्या यंत्राला काय म्हणावे याविषयी प्रागच्या चेक भाषा संस्थेच्या सल्लाकेंद्राकडे लोक अजूनही विचारणा करतात.